मंदगामिनी, परतीची वेळ सकाळी दहा

मकरंद माझा थर्मास परत न करता गेला. याचा मी जाहीर निषेध करतो.

स्टीलचा, दोन कपांचा, झाकणाला पोचा आलेला. "शास्त्री, उद्या देतो," म्हणाला होता.
उद्या म्हणजे नेमकं कधी, हे त्याने स्पष्ट केलं नाही.

आज त्याला जाऊन वर्ष झालं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मक्याकडे एक सेकंडहँड बोट होती. दुबई मरीनात त्या पांढऱ्याशुभ्र यॉट मिरवतात ना, त्या घराण्यातली नव्हे. साधी, चार माणसांची, उम्म अल क्वैनच्या जेटीला बांधलेली.

नाव मी ठेवलं. संस्कृतच हवं, असा त्याचा हट्ट. मी म्हटलं, "मंदगामिनी ठेव."
त्याला ते फार भारदस्त वाटलं. लगेच रंगवून घेतलं. अर्थ महिनाभराने त्याच्या लेकीने, ईराने, गूगल केला.

"काय रे शास्त्री, माझ्या बोटीला रखडगाडी म्हणालास?"
"तू तिचं इंजिन कधी ऐकलंयस का?"

मक्याचा सीझन म्हणजे ऑफ-सीझन.

जुलै-ऑगस्टात बायका-मुलं इंडियाला जातात, आपण समर बॅचलर मागे उरतो, आणि शहाणी माणसं एसीसमोरून हलत नाहीत. हा उजाडताच बोट सोडायचा. उत्तरेकडच्या त्या खाड्या तेव्हा तळ्यासारख्या निवांत असतात. खारफुटीतून रमतगमत जायचं, मध्येच इंजिन बंद करायचं, चहा प्यायचा.
"अख्खं पाणी आपलं, हबीबी. एक टुरिस्ट नाही."

मी दोनदा गेलो. मला पोहता येत नाही. दोन्ही वेळा लाइफ जॅकेट आवळून चहा प्यालो.

म्हणून मला किनाऱ्यावरची, म्हणजे घरी फोनजवळ बसायची, ड्यूटी मिळाली.
निघताना त्याचा मेसेज: "निघालो. दहा."
परतल्यावर: "खलास."
दहापर्यंत खलास आलं नाही, तर मदत बोलवायची ती मी. एवढंच काम.

दोन वर्षांपूर्वी दहा वाजून पाच मिनिटांनी मी इमर्जन्सीला फोन केला. रेस्क्यू बोट गेली. साहेब फोन बोटीत ठेवून, वाळूच्या पट्ट्यावर बसून पोहे खात होते.

आपल्या मंडळाच्या गणपतीत त्याने त्यावर स्किट केलं. माझी भूमिका स्वतःच केली, टॉवेलचं उपरणं घेऊन. तुम्ही सगळे हसलात. मीही हसलो.

"दहा म्हणजे आपले इंडियन दहा समज, यार. लगेच फौज पाठवू नकोस."

गेल्या वर्षी मी इंडियन दहा समजलो.

सव्वादहा झाले.
साडेदहा. "अरे कुठेयस" टाइप केलं आणि पुसलं. पुन्हा स्किट व्हायचं.
अकरा वाजून पाच मिनिटांनी फोन केला.

बोट नांगर टाकून शांत उभी होती. तो आत होता. हार्ट.

डॉक्टर म्हणाले, "थोडा पहले लाते तो..."
वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. मी करू दिलं नाही.

हे मी वहिनींना सांगितलं. ईरालाही. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, जाऊ द्या आता."
ते जात नाही.

आज सकाळी ईरा तीच बोट घेऊन गेली आहे. तिच्याकडे लायसन्स आहे, सोबत मैत्रीण आहे, आणि माझ्यापेक्षा शंभरपट अक्कल आहे.

काल मी म्हटलं, "अगं, किनाऱ्यावर दुसऱ्या कुणाला तरी ठेव."
"नो, काका. यू नो हाऊ इट वर्क्स."
"माहीत आहे, तेच तर."
"काका, टेन मीन्स टेन. ओके? अँड युअर थर्मास इज स्टिल ऑन द बोट. आय'ल ब्रिंग इट."

सहाला मेसेज आला: "निघालो. दहा."
बापाचेच शब्द, जसेच्या तसे.

आता पावणेदहा. अल मनखूलच्या माझ्या फ्लॅटच्या हॉलमध्ये एसी सोळावर आहे आणि मला घाम फुटलाय.

हे सगळं इथे लिहितोय ते तुम्ही साक्षीला असावं म्हणून. दहा वाजून एक मिनिटाला मी फोन करणार. पोरी वाळूवर पोहे खाताना सापडल्या, तर गणपतीत खुशाल स्किट करा. उपरणं मी देईन. टॉवेल नको, खरं देईन.

मक्या, जिथे असशील तिथे बरा राहा. थर्मास राहू दे. पोर तेवढी वेळेवर पाठव.

फोन मोकळा ठेवायचाय, म्हणून इथे थांबतो.

खरं सांगू? दहा वाजतील, मेसेज आलेला नसेल, आणि मी पुन्हा म्हणेन, "अजून पाच मिनिटं बघू."

मला त्याची भीती वाटते.