ढोकीच्या ओट्यावर समुद्र

शांताक्का मावशीच्या पाया पडायला नंदीश वाकला आणि पाठीवरच्या सॅकच्या खिशातली बाटली ओट्यावर पडून फुटली. बाटलीत समुद्रकिड्यांचा अर्क होता. कोकणातल्या खाडीकाठच्या खाजणाचा चिखल उपसून हैदराबादच्या प्रयोगशाळेकडं निघालेला हा संशोधक वाटेत ढोकीला उतरला होता, तो निव्वळ शांताक्काच्या धपाट्यांसाठी.

शांताक्काचा शहाबादी फरशीचा ओटा कारखान्याच्या रस्त्याला लागून, वर कडुलिंबाची गार सावली. उसाची ट्रॉली पलटी झाली तर चूक कुणाची, याचा निकाल तिथंच लागायचा. सकाळी आलेले रामलिंगतात्या जेवायलाच उठायचे, आणि त्यांची बसून ऊब आलेली जागा तंबाखू मळत भागवत धरायचा. हौसेनं बांधलेल्या आपल्या ओट्यावर आपण एकदा निवांत बसावं, एवढीच अक्काची इच्छा. पण आलेल्या माणसाला हुसकायचं कसं? उंबऱ्यात उभी राहून ती माणसं मोजायची आणि चहा टाकायला आत जायची.

अर्क सांडला आणि ढोकीत समुद्र शिरला. तात्यांनी उपरण्यात नाक खुपसलं.

"अक्का, लिंगायताच्या घरात मासळी?"

"मासळी नव्हे तात्या, किडे!" नंदीशनं घाईनं खुलासा केला.

तात्या एक चप्पल पायात, एक हातात घेऊन निघाले. मागोमाग मळलेली तंबाखू तशीच मुठीत धरून भागवत.

शरमलेला नंदीश फरशी पुसत सांगू लागला, "अक्का, हा किडा चिखलात बीळ करतो आणि अंगातून ब्रोमिनचं असलं काहीतरी सोडतो, की दुसऱ्याची पिल्लं शेजारी बिऱ्हाडच करत नाहीत. त्याला खाणाऱ्या माशांनाही मग तोच वास."

"तोंडानं काय बोलत न्हाय?"

"किडा कसा बोलेल?"

"तरीबी कुणी बसत न्हाय?"

"नाही."

"लई शहाणा हाय बग!"

संध्याकाळी पलीकडच्या पानटपरीवरून तात्यांनी हाळी दिली, "अक्का, गेला का वास?"

अक्कानं दीर्घ श्वास घेतला. "न्हाय हो तात्या, वाढलाय!"

मग तिनं ओट्यावर गोधडी अंथरली आणि भिंतीला पाठ टेकून बसली. समोर उसाचा ट्रॅक्टर गाणी वाजवत चालला होता. नंदीश बादली घेऊन शेजारी टेकला. त्याच्या डोळ्यांपुढं गावभर पसरलेली बदनामी दिसत होती.

"अक्का, लोक तोंडात शेण घालतील. फिनेलनं धुऊन देऊ का ओटा?"

"आदी तू ऊठ, मला पाय पसरायचेत."