पोटातले कारागीर

लेक सातव्या महिन्यात बाळंतपणाला माहेरी आली, म्हणून घरातले जंतू संपवायच्या भरात मी विरजणाची वाटी उकळत्या पाण्याने धुऊन काढली. दह्यात जंतू असतात एवढं वाचलं होतं; बाळाच्या काळजीने पुढचं वाचायचं राहिलं. बायको कपाळावर हात मारून शेजारी विरजण मागायला गेली.

लेक कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. ती हसत म्हणाली, "बाबा, माझ्या आतड्यातसुद्धा जंतूच आहेत. ते जे बनवतात, त्यातलं काही रक्तातून बाळापर्यंत पोचतं, त्याचा मेंदू घडायला मदत करतं. उंदरांमध्ये तरी तसं दिसलंय."

तेवढ्यात आतून लाथ बसली आणि तिचा गाऊन हलला. मी बघतच राहिलो. ज्यांना स्वतःला मेंदू नाही, ते दुसऱ्याच्या मेंदूच्या बांधकामाला हात लावताहेत! उद्या तोच मेंदू रुसेल, पाढे चुकवेल, मला आजोबा म्हणून ओळखेल. आपण ऐटीत 'मी' म्हणतो, त्या 'मी'च्या पायाशी असे किती बिननावाचे कारागीर राबले असतील!

हे सगळं मी भारावून मोठ्याने बोललो. परतलेली बायको दारातूनच म्हणाली, "तुमच्या वेळी सासूबाईंच्या पोटातले मात्र नऊ महिने संपावर असणार."