गिरणीच्या आवाजाआड

"दादा, गिरणी किती वेळ चालणार आज?"

डबा कट्ट्यावर ठेवायच्या आधी बाई हे विचारायच्या. तुम्ही गिरणीवर गेला असाल तर पीठ कधी मिळणार, एवढंच विचारलं असेल. या बाईंना पिठाची घाई कधीच नव्हती. मला आधी रागच यायचा. आवाजाची तक्रार करायचीय तर सरळ करा की! नळदुर्गात हायवेवर ट्रक दिवसभर बोंबलतात, त्यांना कुणी काय म्हणत नाही, अन् आमच्या गिरणीचाच सगळ्यांना त्रास.

बाई शेजारच्याच. त्यांच्या स्वयंपाकघराची आणि माझ्या गिरणीची भिंत एकच. मुलींच्या शाळेत त्या चित्रकला शिकवायच्या. माझी पोरगी त्यांच्या वर्गात होती. ती सांगायची, बाई फळ्यावर रेघ ओढताना म्हणतात, "वर जाऊ दे, अजून वर, घाई नको. आता तिथंच थांब." चित्रात थांबायचं म्हणजे काय, ते पोरीला कळायचं नाही. मलाही कळलं नव्हतं.

मग एक दिवस गिरणीचा पट्टा निसटला. मी बटण बंद केलं. सगळं एकदम शांत झालं आणि भिंतीपलीकडून एक सूर आला. उंच, लांबलचक. क्षणभर तसाच राहिला आणि कुणी तोंडावर हात ठेवावा तसा तुटला. मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही, पण पट्टा बसवायचा विसरून मी तसाच उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या त्या चेहरा पाडूनच. म्हणाल्या, "काल काही ऐकू आलं का?"

"मला कुठलं ऐकू येतंय बाई," मी म्हणालो. "गिरणीनं कान कधीच खाल्ले."

त्या हसल्या. मग हळूहळू त्यांनीच सांगितलं. माहेरी सोलापूरला गुरूंकडं लहानपणापासून शिकल्या होत्या, मैफलीही केल्या होत्या. लग्न झालं आणि सासऱ्यांनी बजावलं की सुनेचा गाण्याचा आवाज घराबाहेर गेलेला चालणार नाही. चित्रकलेच्या नोकरीला मात्र होकार दिला. चित्राला आवाज नसतो, म्हणाले. नवरा भला माणूस, पण वडलांपुढं त्याच्या तोंडून ब्र निघायचा नाही. म्हणून गिरणी सुरू झाली की बाई स्वयंपाकघरात गायच्या. घरघरीतच सा शोधायच्या. लाईट गेली की तोंड बंद.

"एकदा मोकळ्यानं गायचंय, दादा," त्या म्हणाल्या. "या आवाजात माझा गळा आता कसा झालाय, ते मलाच माहीत नाही."

आता सांगा, आपण काय करणार? दुसऱ्याच्या घरात कसं बोलायचं? मी आपलं दळण संपलं तरी गिरणी रिकामी फिरवायला लागलो. रिकामी फिरवली की दगड दगडाला खातो, पुन्हा छिन्नीनं टाकी लावत बसावं लागतं. बायको म्हणायची, येड लागलंय का, कुणाचं दळताय? मी म्हणायचो, दगड तपासतोय. पुढं पोरीला कळलं, अन् तिलाही. मग बायकोच म्हणायची, "ऱ्हाऊ द्या अजून थोडा वेळ. बाई आत्ताच आल्यात शाळंतून."

सासरे वारले. आम्हाला वाटलं, सुटल्या. पण बाई गिरणीचीच वाट बघत राहिल्या. मी एकदा चिडून म्हणालो, आता कुणाला भिताय? बघू की, म्हणाल्या. अशीच वर्षं गेली.

त्यांच्या निवृत्तीचा कार्यक्रम शाळेच्या पटांगणात होता. ऐन उन्हाळा. गिरणी बंद ठेवून आम्ही दोघं जाऊन बसलो. नवऱ्यानंच माईकवर सांगितलं की आज ही गाणार आहे. दोन्ही बाजूंना मोठाले कूलर घरघरत होते. बाईंनी डोळे मिटले आणि सूर लावला. भिंतीपलीकडचा, तोच. अंगावर काटा आला हो माझ्या. सूर वर गेला, अजून वर गेला, आणि लाईट गेली.

कूलर थांबले. पटांगण शांत झालं, आणि बाईंचं तोंड मिटलं.

लोकांना वाटलं, माईक गेला म्हणून थांबल्या. मागून पोरी म्हणाल्या, बाई, ऐकू येतंय, गा. नवरा उठून उभा राहिला. "गा की," तो म्हणाला. "आता कुणी काय म्हणत न्हाय."

बाईंनी दोनदा ओठ उघडले. आवाज फुटला नाही. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी काय करणार होतो? लाईटच नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्या डबा न घेताच आल्या. कट्ट्याला टेकल्या. मग म्हणाल्या, "सगळं शांत झालं की वाटतं, मामंजी ऐकतायत."

पुढं ते दोघं पुण्याला मुलाकडं राहायला गेले. घराला कुलूप आहे. दळण संपलं की मी आता लगेच बटण दाबतो, आणि मला ते आवडत नाही.

माझी पोरगीही लग्न होऊन पुण्यातच आहे. परवा बाईंना भेटून आली. बाई स्वयंपाकघरात होत्या, दार लोटलेलं, आत मिक्सर चालू. बराच वेळ चालूच. सून सांगायला उठली, की आई, भांडं रिकामं आहे.

पोरीनं तिचा हात धरला. म्हणाली, "राहू द्या अजून थोडा वेळ."