कमलताईंचं पहिलं वेब पेज

"कमलताई, वेब डिझाइन शिकता का घरी बसता?"

आमच्या इन्स्टिट्यूटच्या मालकांना आडपडदा ठाऊक नव्हता. आदिलाबादेत तोवर इंटरनेट टेलिफोनच्या तारेवरून कुरकुरत यायला लागलं होतं, आणि टायपिंगच्या बॅचेस ओस पडल्या होत्या. टाइपरायटर विकायचे ठरले. कमलताई मूळच्या जवळच्या बेला गावच्या. नवरा गेल्यावर टायपिंग शिकवूनच घर चालवत होत्या. कॉम्प्युटरचा मास्तर मी, म्हणून त्यांना तयार करायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

मालक गेल्यावर ताई म्हणाल्या, "भाऊ, मले तं साधं फूल काढता येत नाही. डिझाइन कसं जमन?"

तेव्हा माउसने चित्रं ओढून पान मांडायचं सॉफ्टवेअर निघालं होतं. ते उघडलं की आमचा जुना पीसी हँग व्हायचा, आणि माउस धरला की ताईंचा बाण पडद्यावर भलतीकडेच पळायचा. मी त्याचा नाद सोडला आणि नोटपॅड उघडलं. हा कोऱ्या कागदासारखा साधा प्रोग्राम. त्यात एचटीएमएल लिहायचं, म्हणजे कोणता मजकूर कसा दिसावा याच्या खुणा टाइप करायच्या. ब्राउझर त्या वाचून पान दाखवतो. टाइप करायचं म्हटल्यावर ताईंचा चेहरा खुलला.

निर्मल गावच्या एका खेळण्यांच्या दुकानदाराला वेब पेज हवं होतं. तेच घेतलं. ताईंनी टायपिंगच्या शिस्तीप्रमाणे दुकानाच्या नावाची अक्षरं मोजली, हिशोबाने स्पेस बार दाबला आणि शीर्षक बरोबर मध्ये आणलं. ब्राउझरमध्ये पाहतो तर शीर्षक डाव्या कडेला, आणि खालच्या ओळी एकीला एक चिकटलेल्या.

"माह्या जागा कुठं गेल्या, भाऊ? काऊन असं करून राह्यलं हे?" त्यांचे डोळे भरले. "इतक्या वर्षाचं शिकलेलं पुसून टाकलं यानं."

कितीही स्पेस दिल्या किंवा एंटर दाबून ओळ तोडली तरी ब्राउझर एकच स्पेस धरतो, हे मी आधी सांगायला हवं होतं.

"तुमची चूक नाही, ताई. याले शब्दात सांगा लागते, मधात आण म्हणून."

त्यासाठी सेंटर नावाची खूण असते. ताईंनी ती टाइप केली. शीर्षक मध्ये गेलं.

"अव माय!" म्हणत त्या डोळे पुसता पुसता हसल्या.

पान झाल्यावर दुकानदार बघायला आले. मालक मागे उभे.

"मॅडम, फोटो ऊपर लो. नाम लाल करो. पता बीच में."

ताई दुकानदारांकडे बघून ऐकत होत्या आणि कीबोर्डवर बोटं आपली चालू होती. त्यांचं बोलणं संपलं, ताईंनी नवं पान उघडून दाखवलं.

"हो भी गया?" दुकानदार पुढे वाकून बघू लागले.

दुसऱ्या दिवशी वेब डिझाइनच्या बॅचची पाटी लागली, त्यावर शिकवणाऱ्यांत माझ्याआधी ताईंचं नाव होतं.

टाइपरायटर गेले त्या दिवशी ताईंनी एकेक मशीन फडक्याने पुसून दिलं. मी मध्ये गेलो नाही.

अजून नवी मुलं विचारतात, "सर, सुरुवात कोणत्या सॉफ्टवेअरनं करू?" मी विचारतो, "आधी सांग, तुझ्या हाताले काय येते?" बहुतेक जण म्हणतात, काहीच नाही. मी त्यावर विश्वास ठेवत नाही.