तोंडाचा वास

मागच्या महिन्यात पोट दुखत होतं म्हणून माझी सोनोग्राफी केली. दुखण्याचं काही निघालं नाही, भलतंच निघालं. डॉक्टर पोरगी माझ्या नातीच्या वयाची. म्हणाली, "आजी, लिव्हरवर चरबी आहे. घाबरू नका, आजकाल घरोघरी निघते. किडनी तेवढी तपासून घेऊ. लिव्हरवर चरबी असली की तिच्यावरही लक्ष ठेवावं लागतं." दारू घेता का, हेही तिनं विचारलं, पण चहा घेता का विचारावं तसं. मी नाही म्हटलं. तिला ते पटलं आणि ती पुढचं विचारायला लागली. हे एवढं सोपं असतं, ते मला ऐंशी ओलांडल्यावर कळलं.

माझ्या नवऱ्याला हाच आजार होता. बहात्तरच्या दुष्काळानंतरची दोन-तीन वर्षं असतील. आम्ही कारंज्यात राहत होतो. मी प्राथमिक शाळेत मास्तरीण, ते बांधकाम खात्यात कारकून. मूळ गाव धनज. सासरच्या माणसांनी पिढ्यान् पिढ्या दुसऱ्याच्या वावरात राबून काढल्या, त्या घरात पोट सुटलेला हा पहिला माणूस. सासूबाईंना त्या पोटाचं केवढं कौतुक! आम्ही धनजला गेलो की शेजारणींना बोलावून दाखवायच्या, "पाह्य माय, माह्या पोराचं अंग कसं भरलं." मीही काही कमी नव्हते. तूप वाढताना माझा हात कधी आखडला नाही.

मग त्यांना उजव्या बरगडीखाली जड वाटायला लागलं. जेवण झालं की बसवेना. कारंज्यातल्या एका जुन्या डॉक्टरांकडे आम्ही दोघं गेलो. त्यांनी पोट चाचपलं आणि विचारलं, "लिव्हर वाढलंय. पिता का?"

"नाई सायेब. छप्पन साली दीक्षा घेतली. तवापासून थेंबाले शिवलो नाई."

"सगळे नाहीच म्हणतात," डॉक्टर म्हणाले आणि लिहीत राहिले. तेल, तूप, गोड कमी. दारू बंद. तीन महिन्यांनी येऊन लघवी तपासणे.

नवरा कागद वाचून तिथंच उभा राहिला. "सायेब, हे मधातलं खोडा."

"पीत नसाल तर राहू द्या की. तुमचं काय जातं?"

घरी आल्यावर त्यांनी टाक घेतला, पट्टी घेतली, 'दारू बंद' या दोन शब्दांवरून सरळ रेघ मारली आणि बाजूला बारीक सही केली. कचेरीत कागदावर चूक झाली की असंच करतात. मग तो कागद घडी करून ट्रंकेत ठेवला आणि त्या दवाखान्याची पायरी पुन्हा चढले नाहीत. रेघ त्यांनी एकाच ओळीवर मारली होती. पण खालची लघवीची ओळही तिच्यासोबत गेली. हे मला तेव्हा सुचलं नाही. मी मुलांना अख्खे धडे वाचायला शिकवत होते, आणि घरातला चार ओळींचा कागद मी एकदाच वाचला.

लिव्हर म्हणजे दारू, हे आमच्या भागात शेंबड्या पोरालाही ठाऊक. कचेरीत थट्टा सुरू झाली. शाळेत एक बाई मला हळूच म्हणाली, "साहेबांले जपा." मी घरी येऊन सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही नाही, असं स्वतःला म्हटलं.

दीडेक वर्षानं त्यांच्या तोंडाला वास यायला लागला.

तो वास मला ओळखीचा होता. कल्हईवाला तापल्या भांड्यात नवसागर टाकतो तेव्हा जो भपकारा उठतो, तसा. माझ्या माहेरी नाल्याच्या काठी दारू गाळायचे, तीत नवसागर घालायचे. लहानपणी माझ्या चुलत्याच्या तोंडाला तो रोज यायचा. त्यातून शेलूबाजारकडे रस्त्याचं काम निघालेलं, आठवड्यातून दोनदा ते तिकडे जात. मी मनातल्या मनात सगळं जुळवलं. सकाळी त्यांचा चेहरा सुजलेला असायचा, पिणाऱ्याचाही असतो. उठल्या उठल्या ओकारी यायची, पिणाऱ्यालाही येते. चपलेचा पट्टा पायावर चढेना, तर मला वाटलं, अंग अजून सुटलं.

एका संध्याकाळी मी बोललेच. "तुमच्या तोंडाले वास येऊन राह्यला."

"कायचा?"

"तुमालेच मालूम."

ते माझ्याकडे बघत राहिले. ओरडले असते तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी कचेरीतून आले, पाय धुतले, चुलीपाशी येऊन माझ्यासमोर बसले आणि तोंड उघडून मोठा श्वास सोडला. "घे. पाह्य."

राहू द्या, असं मी म्हणायला हवं होतं. मी वास घेतला. वास होता. मी भाकरी उलटली.

मग रोज तेच. पाय धुवायचे, चुलीपाशी यायचं, हाऽ करून श्वास सोडायचा, माझ्या तोंडाकडे बघायचं. मी रोज वास घ्यायचे आणि रोज गप्प राहायचे. ते लवंगा चघळू लागले. कडुनिंबाच्या काडीनं दात घासून हिरड्यांतून रक्त काढलं. लवंगेनं तर माझी खात्रीच झाली, कारण माझा चुलताही लवंगच चघळायचा. मला राग यायचा, तोही हळूहळू येईनासा झाला. भाजी चिरावी तसा मी वास घ्यायचे. किती महिने गेले, मी मोजले नाहीत.

एके दिवशी कचेरीतच त्यांना धाप लागली. खुर्चीतून उठता येईना. मूर्तिजापूरवरून एसटीनं अकोल्याला नेलं, मोठ्या दवाखान्यात. तिथल्या डॉक्टरांनी त्यांच्या नडगीवर अंगठा दाबला. अंगठा उचलला तरी खड्डा तसाच राहिला. मग डॉक्टर खाली वाकले आणि त्यांच्या तोंडाशी नाक नेलं. एकदाच. सोबतच्या शिकाऊ पोरांना म्हणाले, "वास घ्या. लघवीतून जायची घाण रक्तात साठली की असा वास येतो."

मला बाहेर बोलावून त्यांनी सांगितलं, "दोन्ही किडन्या गेल्यात, बाई."

"दारूनं?" मी विचारलं.

"दारूचा काय संबंध? पितात का हे?"

'नाही' म्हणायला मला वेळ लागला. तो वेळ मला अजून आठवतो. व्हरांड्यात एक बाई डबा धूत होती, तिचा डबा धुऊन झाला, तेव्हा मी नाही म्हटलं.

मी त्यांना लिव्हरचंही सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "न पिणाऱ्याच्या लिव्हरवरही चरबी चढते. अशा स्थूल माणसांचं लिव्हर आणि किडनी मागंपुढं जाताना मी पाहिलंय. लिव्हर कळलं तेव्हापासून लघवी तपासत राहायला हवी होती. कुणी सांगितलं नाही का?"

सांगितलं होतं. ट्रंकेत होतं.

मला रडू आलं नाही. काहीच आलं नाही. मी चालत खाटेपाशी गेले. एवढंच ठरवलं होतं की त्यांना सांगायचं, तुमी खरे होते, माहीच चूक झाली. त्यांचे डोळे मिटलेले होते. गुंगी चढत होती, हाक मारली तर कधी ओ देत, कधी नाही. ऐकू जावं म्हणून मी अगदी खाली वाकले, माझं तोंड त्यांच्या तोंडाशी नेलं.

त्यांनी डोळे उघडले. माझा चेहरा इतका जवळ पाहिला, आणि त्यांना वाटलं, मी त्याचसाठी आले. ओठ सुकून चिकटले होते, ते त्यांनी कसेबसे सोडवले, तोंड उघडलं आणि हाऽ करून श्वास सोडला. मग माझ्याकडे बघत राहिले.

नवसागराचा वास माझ्या नाकात भरला.

"नाई येत," मी म्हटलं. "कायचाच वास नाई येत."

त्यांनी तोंड मिटलं. जे सांगायला वाकले होते, ते माझं सांगायचं राहूनच गेलं.