सिरसघाटचा टॉस

नाटक कंपनी चालवणाऱ्याकडे किस्से साठतात, आणि कबड्डीचा संघ चालवणाऱ्याकडेही साठतात. मी दोन्ही चालवतो, तेही त्याच माणसांना घेऊन. त्यामुळे माझ्याकडे किस्से साठत नाहीत, अंगावर येतात! निवांत चहा प्यायला बसलो तरी माझा अर्धा जीव मोबाईलमध्ये असतो. वाजला तर काय झालं म्हणून धडधड, नाही वाजला तर काहीतरी लपवत आहेत म्हणून धडधड. बायको म्हणते, तुम्ही झोपेतही कोणाची तरी समजूत काढत असता.

आमचं गाव सिरसघाट. म्हणजे होतं. गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं. प्लॉट मिळाले ते दोन ठिकाणी, म्हणून अर्धं गाव टेकडीवर बसलं आणि अर्धं रोडला लागून. शाळा दोन झाल्या, मारुती दोन झाले. एकच गोष्ट एकत्र राहिली, ती म्हणजे सिरसघाट क्रीडा व नाट्य मंडळ. दिवाळीनंतर धान निघालं की आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, आणि मंडई म्हटली की नाटक आलंच. आमची पोरं त्या दिवसांत नाटकही करतात आणि कबड्डीही खेळतात. मी मॅनेजर. मंडळ फुटलं तर सिरसघाट नावाचं जगात काहीच उरणार नाही, ही धास्ती मला पहिल्या दिवसापासून होती.

* * *

मध्यंतरी भंडाऱ्याला एक शिबिर झालं. स्पोर्ट्स क्लब आणि नाटक कंपन्या म्हणजे क्रिएटिव्ह इंडस्ट्री, त्या इंडस्ट्रीसारख्याच चालवा, असं बाहेरून आलेले एक सर स्लाइड दाखवून सांगत होते. मी मागच्या खुर्चीवर. नेमकं मलाच उभं केलं आणि विचारलं, "तुमच्या संस्थेचं प्रॉडक्ट काय?"

मी म्हणालो, "भांडण."

सर हसले. तसं नाही म्हणाले, लोकांना तुम्ही नक्की देता काय? मी म्हटलं, तेच देतो सर. स्टेजवर केलं की लोक तिकीट काढून बघतात, ग्राउंडवर केलं की फुकट बघतात, आणि ऑफिसात केलं की मला एकट्याला बघावं लागतं.

सरांनी ते वहीत उतरवून घेतलं. आता ते दुसऱ्या जिल्ह्यात शिकवत असतील.

* * *

आमचा भाऊराव म्हणजे चढाईतला वाघ. एकदा नाटकातला खलनायक ऐनवेळी आजारी पडला, म्हणून मी भाऊरावला मिशी चिकटवून उभा केला. आमच्या झाडीपट्टीच्या नाटकात तालमी कमी आणि प्रॉम्प्टरवर भरवसा जास्त. आमचे गोविंदबुवा स्टेजच्या पुढ्यातल्या खड्ड्यात बसून एकेक वाक्य पुरवतात, नट ते उचलून बोलतो.

भाऊराव बोलायला लागला तो थांबेचना! बुवांचं वाक्य संपायच्या आत त्याचं सुरू. चेहरा लाल, मानेच्या शिरा टरारलेल्या. पानभर भाषण त्यानं एका दमात संपवलं, धावत विंगेजवळ गेला, पाय आपटला आणि मगच श्वास घेतला.

बुवा खड्ड्यातून म्हणाले, "अरे, मधात दम तं घे."

भाऊराव म्हणाला, "दम सोडला तं आऊट नाई का होनार?"

लोकांना तो खलनायक इतका आवडला की पुढच्या सीझनला आजूबाजूच्या गावांनी त्याचं नाव घेऊन नाटक मागितलं. मूळचा खलनायक बरा होऊन आला, तो आता पडदा ओढतो.

* * *

भाऊराव आणि दिनकर सख्खे चुलतभाऊ. जुन्या गावात दोघांच्या घरांना भिंत एकच होती. आता भाऊराव टेकडीवर आणि दिनकर रोडवर. कबड्डीत दोघं डाव्या कोपऱ्यात हातात हात घालून साखळी धरायचे, आणि ती साखळी भल्याभल्यांना तोडता आली नाही.

गेल्या वर्षी मंडईचं नाटक कोणाच्या पटांगणात ठेवायचं यावरून दोघांचं वाजलं. बोलणं बंद. टेकडी टेकडीकडून, रोड रोडकडून. मी रोज मोटारसायकलवर इकडून तिकडे, निरोप घेऊन. पेट्रोलपंपावरचा माणूस मला नावानं ओळखायला लागला.

पण बोलणं बंद झालं तरी साखळी कशी बंद करणार? प्रॅक्टिसला दोघं यायचे, हात धरायचे आणि तोंडं विरुद्ध दिशेला करून उभे राहायचे. पूर्वी एकमेकांना ओरडून सांगायचे, तर समोरच्या चढाईवाल्यालाही कळायचं. आता नुसता हात दाबायचे. पकडी अशा बसायला लागल्या की काय सांगू! मी समेटाची बैठक ठरवली तर कोच मला बाजूला घेऊन म्हणाला, "भाऊ, सीझन होऊन जाऊ द्या. यायले आताच बोलते करू नोका."

* * *

त्याच सीझनच्या नाटकात हे दोघं भाऊ-भाऊ होते. आई झाली होती वडशाकडून आलेली सुनंदाबाई. मोठी मुरलेली नटी. शेवटच्या अंकात आई खाटेवर मरते आणि मरताना दोन्ही मुलांचे हात एकमेकांच्या हातात देते. पब्लिक या सीनची वाट बघतं, बायका पदर तयार ठेवतात.

आईनं हात पुढे केले. दोन्ही मुलांनी हात खिशात घातले.

खेळात धरायचा तो हात वेगळा, सगळ्या गावासमोर भाऊ म्हणून धरायचा तो वेगळा. सुनंदाबाईनं थोडी वाट पाहिली, मग मरता मरता उठून बसली. खाटेवरून खाली उतरली, एकाचा हात खिशातून ओढला, दुसऱ्याचा ओढला, एकमेकांवर दाबून ठेवले, परत खाटेवर जाऊन झोपली आणि मेली. टाळ्या थांबेनात!

आत आल्यावर मला म्हणाली, "तुमच्या गावात बाईले सुखानं मरताई येत नाई."

* * *

एवढं होऊनही मंडळ फुटलंच. सीझननंतर दोन्हीकडच्यांनी येऊन सामान वाटून मागितलं. जर्सी अर्ध्या-अर्ध्या झाल्या, ढोलकी इकडे, पेटी तिकडे. राजवाड्याचा पडदा एकच होता. कोणी ऐकेना, शेवटी तो मधोमध कापला. टेकडीकडे राजवाड्याचं दार गेलं, रोडकडे खिडक्या. मी कात्री धरली नाही, बाहेर जाऊन उभा राहिलो. फार वाईट वाटलं. सगळं वाटून झालं, पण नाव कोणाचं, हे काही ठरेना. तेवढं तसंच राहिलं.

मग शहापूरला कबड्डीचे सामने लागले. माईकवर पुकारा झाला, "कारधा विरुद्ध सिरसघाट." कारध्याचा संघ मैदानात उतरला. समोरच्या बाजूनं सिरसघाटचा संघ उतरला, आणि त्याच्या मागोमाग सिरसघाटचा आणखी एक संघ उतरला! टेकडीनंही याच नावानं संघ पाठवला होता आणि रोडनंही. संयोजकांना वाटलं होतं, एकाच गावानं चुकून दोनदा कळवलं. मॅनेजर म्हणून दोघांनीही माझंच नाव दिलं होतं.

रेफरीनं मला बोलावून झापलं. सात खेळाडू ठेवा, नाहीतर गावाचं नावच काढून टाकतो म्हणाला. मी टेकडीवाल्यांकडे गेलो, ते हलेनात. रोडवाल्यांकडे गेलो, ते हलेनात. आमची माणसं दोन्हीकडून ट्रॅक्टर भरून आली होती आणि एकाच ताडपत्रीवर बसली होती. जुने शेजारी होते, बसताना कोणी वस्ती पाहिली नाही. पण ओरडावं कोणासाठी हे कळेना, म्हणून सगळे गप्प. मला वाटलं, संपलं. गाव पाण्यात गेलं तेव्हा नाव वाचलं होतं, आज तेही जातं.

रेफरी वैतागून म्हणाला, निदान टॉसला तरी कॅप्टन पाठवा. भाऊराव निघाला. दिनकरही निघाला. कारध्याचा कॅप्टन बिचारा म्हणाला, तुम्हीच मागा. नाणं वर गेलं.

"छापा," दोघं एकदमच बोलले.

काटा पडला.

भाऊराव गर्रकन वळला. "काहून छापा बोललास बे?"

दिनकर म्हणाला, "तू हरघडी छापाच बोलतेस मनून."

रेफरीनं एकदा याच्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. मग माईक हातात घेऊन म्हणाला, "सिरसघाट टॉस हरलं."

आणि ताडपत्रीवरचं सगळं गाव टाळ्या वाजवत उठलं.