दादाच्या दारातली दवंडी

आमच्या सरपंचांनी माझ्या बहिऱ्या दादाला फसवले.

परवा नाशिकच्या बाजारात एका पोत्याला ओल्या गाळाचा वास आला आणि चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वीचा गोदेचा पूर आठवला. पुराच्या कामाला माझी बैलगाडी द्यायची आणि पाणी चढताच त्यांच्या माणसाने घरात शिरून दादाला हलवून उठवायचे, असे मी सरपंचांशी ठरवले होते.

त्या दिवशी मी नाशकात होतो. परतलो तेव्हा दादा कौलांवर कुडकुडत बसला होता.

"दवंडी दिली की! त्याच्या दारात दोनदा हलगी वाजवली," सरपंच म्हणाले.

"त्याला ऐकू येत नाय, माहीत हाय ना?"

"दवंडी समद्यांना एकच असती, शेठ."

माझ्या गाडीतून सरपंचांची स्वतःची धान्याची पोती टेकडीवर पोहोचली होती. दादाने पुढे मरेपर्यंत पावसाळ्यात दाराला कडी लावली नाही. पोती उचलणाऱ्या एकालाही ते दार का फोडता आले नाही, याचा जाब सरपंचांनी आजही द्यावा.